मंतरलेलं नव्हे, चुंबकित

आमच्या थोरल्या साडूंइतका अंधश्रद्धेचा वैरी अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नसेल, आणि त्यांच्याइतकं मला कुणी दमवलंही नसेल. भिंगारच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवायचे. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम त्याच वाटेनं जायचे. उतारा दिसला की त्यातलं लिंबू घरी आणून सरबत करायचे, आणि पाहुण्यांचा पेला रिकामा झाल्यावर सांगायचे. असा माणूस बहात्तरच्या दुष्काळात लोहचुंबकाच्या नादी लागला.

कारण झाल्या अक्का, त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. विषमज्वरातून उठल्या, पण केस गेले ते गेलेच. गुडघ्यापर्यंत शेपटा मिरवलेली बाई पदर कपाळावर ओढून घरात बसू लागली, हळदीकुंकवालाही जाईना. साडूंनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की चुंबकावर ठेवलेल्या पाण्यानं केस येतात, कातडी उजळते. लगेच जुन्या बाजारातून मोडक्या लाउडस्पीकरचं चुंबक आलं, त्यावर बाटली बसली. आता प्रयोग आधी दुसऱ्यावर करायचा, हा शास्त्राचा नियम. दुसरा म्हणजे मी. टँकरचे दोन हंडे पुरवता पुरवता जीव मेटाकुटीला यायचा, त्यात रोज सकाळी दारात हाक, "वसंतराव, डोकं!" मी निमूट टक्कल पुढं करायचो. नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं.

बातमी फुटलीच. दूधवाली म्हणाली, "सर, मंतरल्यालं पानी द्या की जरा. पोरीच्या अंगाला लई खरूज हाय."

साडू कडाडले, "मंतरलेलं नाही, बाई! चुंबकित!"

"व्हय, तेच. ह्यो चुंबकबाबा कुठला म्हनायचा?"

त्या दिवशी साडू जेवले नाहीत. पाणी मात्र दिलं.

माझ्या टकलावर लवही उगवली नाही. 'आता पुरे' असं सांगायचंच, म्हणून एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. मागच्या अंगणात अक्का उघड्या डोक्यानं पाटावर बसल्या होत्या. मागे साडू उभे. बाटली दोन्ही हातांनी कपाळाशी धरलेली, डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत होते. चाहूल लागताच दचकले.

"मोजत होतो," ते म्हणाले. "ओतण्याआधी शंभर मोजावे लागतात. शास्त्र आहे."

"मोजा की," म्हणालो, आणि आल्या पावली परतलो. दुसऱ्या दिवशी हाक यायच्या आधीच दारात जाऊन उभा राहिलो.

अक्कांचे केस पुढे आले, विरळ का होईना. तापानंतर येतातच, असं डॉक्टर म्हणाले. साडूंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. सकाळी तोंड धुताना ओला हात आपसूक डोक्यावरून फिरतो, आणि मी उगाच दाराकडे बघतो.