दिनकरभाऊची पंगत

दिनकरभाऊ कोनाच्याबी घरी इन्व्हर्टर बसवाले गेले की पयले मीटर पाहत नसत. घरच्या बाईले इचारत, "वहिनी, लाईट गेली की तुमच्या घरात पयले कोन उपाशी मरते?"

माह्या घरी इचारलं तवा बायकोनं माह्याकडेच बोट केलं. "हेच."

तो दिवस माह्या फजितीचा. आमच्या अमरावतीच्या गल्लीत मोठा इन्व्हर्टर मीच पयले आनला. फ्रिज, कूलर, घरगुती चक्की, पान्याची मोटर, सगळं त्यालेच जोडलं. शेजाऱ्याईले पाहाले बोलावलं, खुर्च्या मांडल्या. मेन स्विच पाडला. इन्व्हर्टर एकदा कोकलला अन् गप झाला. शेजारी चहा पिऊन गेले, मंग भाऊले बोलावलं.

भाऊनं कानावरची पेन्सिल काढली अन् भिंतीवरच लिहाले बसले. "किसना, शाळा किती?"

"दुसरी. तेबी दोनदा."

"मंग पंगतीवर सांगतो. एका टायमाले किती जन बसतात, त्यावर इन्व्हर्टर. किती वेळ जेवतात, त्यावर बॅटरी. अन् मोटर बसतानाच तिघाईचं मागते, तिले पंगतीत घ्यायचंच नाही." पंखे-लाईट पयल्या पंगतीत बसले, फ्रिज दुसऱ्या. चक्की अन् मोटर उपाशी.

"मी तं कुठंबी पयल्याच पंगतीत बसतो, भाऊ."

"दिसून राहिलं," माह्या पोटाकडे पाहून म्हने.

मंग त्याईनं मले बॅटऱ्या उचलाले ठेवलं. बारा वर्षं उचलल्या. अकोल्याच्या एका वकिलाले दोन एसी बॅटरीवर पाह्यजे होते. भाऊ म्हने, "साहेब, चार बॅटऱ्या तुमचे दोन एसी दीड घंटा जेवू घालतील. मंग घाम पुसत बसा. एकच चालवा, सगळे एका खोलीत झोपा. घरच्याईची वळखबी होईल."

मंग भाऊच्या फुप्फुसानं दगा देला. वलगाव रोडवरच्या त्याईच्या घरात ऑक्सिजनचं भाड्याचं मशीन आलं. हिशेब त्याईनं बाजीवरून, पडल्या पडल्या भिंतीवर लिहिला. तारा मी ओढल्या. मशीन एकटंच पंगतीत, सहा घंटे. दुसरं कोनी नाही.

मे महिन्यात भर दुपारी लाईट जाऊ लागली. वहिनी उशाशी बसून भाऊले पदरानं वारा घालत. सोता घामानं ओल्या.

"किसन्या, कूलर माह्या लाईनवर टाक."

"नाही भाऊ. दोन घंटे कमी होतील."

"घंटे माहे हायत ना बे? तिचं तोंड पाह्य."

"तुमीच शिकवलं, दुसरं कोनी नाही म्हनून."

"मंग मीच मोडून राहिलो."

वहिनीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी घरी आलो अन् माहाच इन्व्हर्टर काढला. बायको म्हने, "काहून?" सांगतलं. तिनं उन्हापायी बॅटऱ्याईवर ओली चादर टाकली अन् गाडा ढकलाले मले वेशीपर्यंत हात देला.

कूलरसाठी तो सेट येगळा बसवाले गेलो अन् घाईत तारा उलट्या लावल्या. चट्‌कन ठिनगी उडाली, फ्यूज गेला. भाऊनं डोळेबी उघडले नाहीत. "उलटं जोडलं ना बे? बारा वर्षं काय केलं?"

"बॅटऱ्या उचलल्या, भाऊ."

भाऊ हासले. हासता हासता खोकला आला, तो लवकर थांबेच ना. मी फ्यूज बदलला. कूलर फिरला, वहिनीच्या पदराचं टोक हाललं, तवा ते झोपले.

चवथ्या दिवशी सकाळी गेले. लाईट होती. जिच्या जान्याची आमी येवढी तयारी केली, ते गेलीच नव्हती.

तेरवीले वहिनी म्हनल्या, "किसनाभाऊ, पयल्या पंगतीत बसा. त्याईले माहीत होतं तुमचं."

"बसतो," म्हटलं, अन् त्या खोलीत गेलो. मशीन ज्याचं होतं तो घेऊन गेला होता. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा चालूच होता, बॅटरी गच्च भरलेली. वर भिंतीवर पेन्सिलनं लिहेल होतं: मशीन, एकटं. तेवढं मले वाचता येते. बटनावर हात ठेवला. बंद काई केलं नाही.

बाहीर येऊन वाढत राहिलो. बसलो ते शेवटच्या पंगतीत, जिंदगीत पयल्यांदा. एक पोळी खाल्ली अन् उठलो.

आचारी मांगं आला. "काहून किसनाभाऊ, भाजी खारट झाली काय?"

मी म्हटलं, "हो."