गोलातला शब्द

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, फ्रेंचचं एक अक्षर येत नाही. तरी माझं फ्रेंच त्यांनीच तपासलं, तेही लाल पेनाने.

लातूरच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. मी हैदराबादहून फ्रेंच शिकून आले तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं होतं, याच्यावर पोट भरेल का? पुढच्या दोन वर्षांत मला तीन ठिकाणी नकार मिळाला. शेजारच्या काकू बँकेच्या परीक्षांच्या जाहिराती कापून आणून देऊ लागल्या, आणि मला त्यांचा मनापासून राग यायचा.

मग नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजने फ्रेंच सुरू केलं. गुण बरे पडतात ना, म्हणून. मुलाखत अशी होती: अकरावीच्या वर्गासमोर इंग्रजीतला रोजचा एक शब्द फ्रेंचमध्ये कसा जातो ते शिकवून दाखवायचं. ही नोकरी गेली तर मी निमूटपणे बँकेचा फॉर्म भरणार होते. तसं कबूलच केलं होतं.

मी 'गेट' निवडला, दार नव्हे, मिळणं या अर्थाचा. इंग्रजीच्या घरातला हा एकटा गडी. पत्र मिळणं, सकाळी उठणं, भिजणं, चिडणं, एसटीतून उतरणं, सगळी कामं त्याच्याच गळ्यात. फ्रेंचमध्ये मात्र प्रत्येक कामाला वेगळा माणूस लागतो.

अण्णांनी जुन्या कॅलेंडरची पानं कापून चिठ्ठ्या केल्या आणि तूरडाळीच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. वाक्यं इंग्रजी, पण सगळी आमच्या घरातली. आई कशी चिडली, उदगीरच्या स्टेशनवर आम्ही कसे भिजलो, वगैरे. मी चिठ्ठी काढून वाक्य फ्रेंचमध्ये म्हणायचं, अण्णांनी बरोबरची खूण नाहीतर फुली करायची. गंमत म्हणजे फुली नेमकी तिथेच पडायची जिथे मी अंदाजपंचे ठोकून दिलेलं असायचं. मी एकदा चिडून विचारलं, तुम्हाला कळतंय तरी काय?

"मला फ्रेंच येत न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "पण तू थापा मारायलीस की तुझं तोंड कसं होतंय, ते लई वर्षांपासून येतंय."

वर्गातली त्यांची रीतही अशीच. एखादा शब्द आला नाही, तर फळ्याच्या कोपऱ्यात गोल काढून तो आत लिहायचा, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात शिरल्यावर आधी तो गोल सोडवायचा. मी त्याच शाळेत होते. सरांना येत नाही असं पोरं कुजबुजायची, तेव्हा मला त्या गोलाची फार लाज वाटायची.

नांदेडला पाठ छान रंगला. मागे प्राचार्यबाई आणि दोन प्राध्यापक बसले होते, मान डोलवत होते. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीला उचकी लागली, थांबेचना. कुणीतरी आठवण काढतंय, म्हणून वर्ग हसला, आणि तिनेच विचारलं, "मॅडम, मला उचकी लागली, हे फ्रेंचमध्ये कसं?"

मला येत नव्हतं. त्या खोलीत फ्रेंच येणारं दुसरं कुणीही नव्हतं. काहीही ठोकून दिलं असतं तरी खपलं असतं आणि नोकरी खिशात होती. तोंड उघडलंही होतं. पण मग माझं तोंड आत्ता कसं दिसत असेल ते आठवलं. मी वळले, फळ्याच्या कोपऱ्यात गोल काढला, आत 'उचकी' लिहिलं आणि सांगितलं, हा शब्द मला येत नाही, उद्या सांगते. एका प्राध्यापकांनी लगेच कागदावर काहीतरी लिहिलं.

संध्याकाळी नांदेडच्याच आत्याच्या घरून फोन केला आणि सगळा राग अण्णांवर काढला. तुमच्या त्या गोलापायी चौथीही नोकरी गेली, असं मी म्हणाले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"उद्या सांगते म्हणलीस ना? मग उद्या जा."

मला कुणी बोलावलं नव्हतं. तरी सकाळी ऑटो करून गेले. फळा पुसलेला होता, फक्त कोपऱ्यातला गोल तसाच. शिपाई पुसायला लागला तर पोरांनी पुसू दिला नव्हता म्हणे. माझे डोळे भरून आले. मी रात्री कोशात शोधलेला 'ओके' (hoquet) हा शब्द लिहिला आणि सांगितलं, आपल्याला उचकी लागते, इंग्रजांना ती मिळते, फ्रेंच माणसाजवळ ती नुसती असते. मग गोल पुसला. दारात प्राचार्यबाई उभ्या होत्या. हे कुणी शिकवलं, एवढंच त्यांनी विचारलं. वडिलांनी, म्हटलं.

पंधरा दिवसांनी नेमणुकीचं पत्र लातूरला आलं. अण्णांनी चष्मा लावला, ते इंग्रजी पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं आणि लाल पेनाने त्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या. मग पत्र बाजूला ठेवून माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत बसले, आणि पत्र पुन्हा पुढ्यात घेऊन प्राचार्यबाईंच्या सहीच्या खाली बरोबरची खूण केली.