वीरगळ आणि बर्फाचा कारखाना

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या वर्षांत आमच्या ठाकूरद्वारच्या घरात चहाच्या आधी सभेची चौकशी व्हायची. बाबा जकातखात्यात कारकून होते. कचेरीतून आले की टोपी खुंटीवर, आणि आज सभा कुठे, हा प्रश्न. गिरगावात असली तर पायी, शिवाजी पार्कला असली तर बसनं. पोवाडा सुरू झाला की त्यांचे डोळे भरून यायचे, हे मी शेजारी बसून पाहिलेलं आहे. म्हणूनच वरळीच्या जमिनीच्या वेळी मला त्यांचा इतका संताप आला.

आमचं घराणं पाठारे प्रभूंचं. जुन्या जमिनी एकेक करत गेल्या होत्या. उरला होता तो वरळी कोळीवाड्याला लागून समुद्राकडेचा एक तुकडा, बाबा आणि मोठे काका या दोघांच्या नावावर. त्या तुकड्यात एका ओळीत पाच दगड उभे होते. त्यांना वीरगळ म्हणतात, लढाईत पडलेल्या माणसासाठी उभारलेले दगड. मी शाळेत असताना बाबा मला तिथे घेऊन जायचे आणि दगडावर बोट फिरवून दाखवायचे. खाली होड्यांची लढाई, वल्ही हाणणारे, भाले उगारलेले. त्याच्यावर त्या मेलेल्या वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याचं नाव राहील. नाव मात्र कुठल्याच दगडावर नव्हतं. कोळी सांगायचे की समुद्रातून चालून आलेल्यांना त्यांच्या पूर्वजांनी याच किनाऱ्यावर अडवलं आणि ज्यांचे देह हाती लागले ते इथेच पुरले. होड्या लोटायच्या आधी ते तिथे नारळ ठेवत.

एका रविवारी मोठे काका जेवायला आले आणि कोलंबीचं भानोलं वाढून घेता घेता त्यांनी सांगितलं की जमिनीला गिऱ्हाईक मिळालं आहे. एका व्यापाऱ्याला तिथे बर्फाचा कारखाना काढायचा होता, रस्त्याच्या बाजूला दुकानांचे गाळे. मी विचारलं, दगडांचं काय? काका म्हणाले की दगड काय, दगड हलवता येतात. मी बाबांकडे पाहिलं. ते माशाचे काटे काढत होते, आणि काढतच राहिले.

काका गेल्यावर मी बाबांना धरलं. त्यांचं उत्तर एकच होतं, दादाच्या शब्दाबाहेर आपण कधी गेलो नाही. शिवाय इतकी वर्षं जमिनीचा धारा, म्हणजे सरकारी कर, दादाच भरतो आहे. मी म्हटलं की मुंबई आमची म्हणून रोज घसा कोरडा करता, मग या मुंबईसाठी जे मेले त्यांच्या अंगावर गाळे चढवायला सही कशी देता? त्यावर ते म्हणाले, "हे आणि ते वेगळं आहे." काय वेगळं आहे ते त्यांनी सांगितलं नाही. सभेची वेळ झाली होती.

पुढच्या आठवड्यात आमच्याकडे मासे घेऊन येणारी कोळीणमावशी मागच्या दाराशी पाटी उतरवून बसली. ती त्याच कोळीवाड्यातली. बोंबील मोजता मोजता म्हणाली की माणसं येऊन खुंट्या मारून गेली, सुतळी थेट दगडांच्या मधून ओढली. "तुजे बापाला ठाव हाय ना, बाय?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. त्या दिवशी तिनं मासे मोजून दिले तेवढेच, वर एक टाकला नाही.

मी एका मुलींच्या शाळेत शिकवत होते. रजा काढून पुराणवस्तूंच्या सरकारी कचेरीत गेले. तिथले अधिकारी सभ्य होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की खाजगी जमिनीतल्या दगडांवर त्यांचा हक्क नाही, आणि राज्य कोणतं होणार तेच ठरलेलं नसताना नवी प्रकरणं कोणी हाती घेत नाही. पण दगड आमच्या खर्चानं आणून दिले तर ते आनंदानं आवारात ठेवतील. मी म्हटलं, वीर पडले त्याच जागी हे दगड आहेत म्हणून त्यांना अर्थ आहे. ते म्हणाले की त्यांचं आवार चांगलं सावलीचं आहे.

तिथून चळवळीच्या गिरगावातल्या कचेरीत. भिंतीवर महाराजांची तसबीर, खाली फलक रंगवणारी मुलं, खळीचा वास. तिथला कार्यकर्ता बाबांच्या ओळखीचा, मनाचा चांगला, तुरुंगात जाऊन आलेला. तो म्हणाला, "ताई, आधी मुंबई मिळवू, मग दगडांचं बघू." मी त्याला सांगितलं की मुंबई मिळेपर्यंत तिथे बर्फ तयार होत असेल. तो हसला आणि मला मोर्चाची पत्रकं दिली. ती मी वाटली. करणार काय?

आता उरले कोळी. ते तरी उठतील अशी माझी खात्री होती. शनिवारी शाळा सुटल्यावर मी मावशीच्या घरी गेले. वाळत घातलेल्या बोंबलांखालून वाकून जावं लागलं. ओट्यावर चारपाच माणसं जमली. मी माझं भाषण केलं. मावशीचा मोठा मुलगा, स्वतःची होडी असलेला, शांतपणे ऐकत होता. तो म्हणाला की बर्फ त्यांना लांबून आणावा लागतो, येईस्तोवर अर्ध्याचं पाणी होतं. "ताई, मासली कुजते ती आमची. तुमची नाय."

मला त्याचाही राग आला, आणि त्याचं बरोबर होतं याचा जास्त. मग मावशीच म्हणाली की दगड आमचे बापजादे आहेत आणि बर्फही पायजे, जागा काय एवढीशी आहे का. कारखाना पलीकडच्या अंगाला सरकवायला काय होतंय. गाळे दोन कमी होतील. इतकं साधं होतं ते, पण सुचवायचं कोणी, तर जमिनीच्या मालकानं. आणि मालक सभेला जात होता.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना चला म्हटलं. कुठे ते त्यांना कळलं होतं. त्यांनी धोतर बदलायला नको इतका वेळ लावला. तिथे पोचलो तर चुन्याच्या रेघा मारलेल्या, आणि मधला वीरगळ आडवा करून त्यावर ठेकेदाराचा मुकादम जेवायला बसलेला. शेजारच्या दगडावर त्यानं चुन्याची बादली टेकवली होती, तिचा ओघळ होड्यांवरून खाली आला होता. त्या माणसाचा काही दोष नव्हता. बसायला दगड होता, तो बसला.

बाबा जवळ गेले. मग त्याला म्हणाले, "जेवण झालं की उठाल का?" तो गडबडीनं उठला. बाबांनी बादली खाली ठेवली, खिशातून रुमाल काढला आणि ओघळ पुसायला लागले. चुना अर्धा वाळला होता, निघेना. मी मदत केली नाही. खरं सांगायचं तर मी रागानं बघत उभी होते, की हे पुसायला इथवर यावं लागलं.

परत येताना ते घरी न येता थेट काकांकडे गेले, आणि मीही मागोमाग. काका झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत होते. बाबा उभ्यानंच म्हणाले, "दादा, दगड आणि त्यांच्याकडे जायची वाट विक्रीतून वगळा. त्याशिवाय मी सही करणार नाही." काकांनी चष्मा काढला. धारा कोणी भरला, मुलीच्या नादी लागून घराण्याचं नुकसान कोण करतंय, हे सगळं त्यांनी सुनावलं. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले, पण दर वेळी तेवढंच म्हणाले, सही करणार नाही. भाषण त्यांना येत नव्हतंच.

व्यापाऱ्याला घाई होती. थोडी कुरकुर करून त्यानं नकाशात कारखाना पलीकडे सरकवला, गाळे कमी केले. आडवा केलेला दगड कोळ्यांनी पुन्हा उभा केला. कारखाना झाला, आणि मावशीच्या मुलानं मला मुद्दाम बोलावून बर्फाची लादी दाखवली. काका वर्षभर आमच्याकडे आले नाहीत.

इथे हे संपायला हवं होतं. पण महाराष्ट्र झाल्यावर तो कार्यकर्ता मिरवणूक घेऊन वीरगळांपाशी आला, हार घातले आणि आपण हे दगड भांडवलदाराच्या घशातून कसे वाचवले ते सांगितलं. बाबांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांचा हात धरून खाली ओढला. त्या उत्साहात कोळ्यांनी वर्गणी काढली, दगडांभोवती लोखंडी जाळी बसवली, आणि पाचही वीरगळ रुपेरी तेलरंगानं रंगवून काढले. जाड, दोन हात. होड्या गेल्या, वल्ही गेली, चंद्र-सूर्य बुजले. बाबा जाळीला धरून नुसते बघत राहिले.

मी मावशीला म्हटलं, अगं, हे काय करून ठेवलंत? ती माझ्याकडे नवलानं बघत म्हणाली, "कवापास्नं उघडे व्हते, बाय. आता कोन येऊन बसंल का त्यांच्यावर?"

खरंच कोणी बसत नाही. दर वर्षी होड्या लोटायच्या आधी रंगाचा नवा हात देतात. रंग काढायचा कसा ते विचारायला मी त्या सरकारी कचेरीत पुन्हा गेले होते. अधिकारी बदलले होते. नव्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की आता राज्य नवीन आहे, थोडी घडी बसू द्या.