‘जातो’चं बटण

डोक्याला मार लागून ज्यांची वाचा गेली, त्यांना टॅबवर बोलायला शिकवायचं, हे माझं काम. चित्रावर बोट ठेवलं की टॅब तो शब्द मोठ्यानं म्हणतो. पेशंटला शिकवणं त्या मानानं सोपं. घरच्यांना गप्प बसवणं अवघड. त्याचं बोट चित्रापर्यंत पोचायच्या आत ते उत्तर देऊन मोकळे होतात.

सास्तूरजवळच्या एका घरी मी दर आठवड्याला जायचे. तिशीच्या आतला मुलगा, मोटारसायकलवरून पडलेला. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही, आणि उजवा हात लुळा. डाव्या हातानं तो पाणी, भाकरी, आई, असं भराभर शिकला. भाकरी मागितल्यावर चपाती आली तर ताट सरकवून द्यायचा. मला असे पेशंट आवडतात.

एकदा गेले तर टॅब पेटीत, पेटीला कुलूप आणि किल्ली आईच्या कमरेला. मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला. काय झालं विचारलं, तर ती माउली भांडी घासत राहिली. यंत्र अपशकुनी आहे, एवढंच म्हणाली. माझं डोकं फिरलं. मावशी, तुम्ही पोराच्या तोंडाला कुलूप घातलंत, असं मी बोलूनही गेले.

तेव्हा तिनं सांगितलं. पोराला अंगणात जायचं होतं. त्यानं चालणाऱ्या माणसाच्या चित्रावर बोट ठेवलं आणि टॅब म्हणाला, ‘जातो’.

घरातून निघताना आपल्यात कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. दारातून पाय काढताना मीही तेच म्हणते. टॅबमधले शब्द तयारच आले होते. मी ते तपासले, पण शुद्धलेखनासाठी.

गोष्ट तेवढीच नव्हती. अपघाताच्या सकाळी मायलेकरांचं कशावरून तरी वाजलं होतं. पोरगा तणतणत निघाला तो ‘जातो’ म्हणूनच. त्यानंतर त्याच्या तोंडून शब्द आला नाही.

“म्या म्हनलं, येतो म्हन रं,” ती म्हणाली. “न्हायच म्हनला.”

मी टॅब मागून घेतला. त्या चित्राला ‘येतो’ हा शब्द दिला आणि तिला ऐकवला. तिनं तो पुन्हा पुन्हा वाजवायला लावला, मग टॅब पोराच्या मांडीवर ठेवला.

त्यानं चित्र शोधलं, दाबलं. ‘येतो.’ मी दार उघडायला उठले. शिकवणाऱ्याची खोड, पेशंट बोलला की लगेच तसं घडवून दाखवायचं. पण तो बाजेवरून हलला नाही. त्याला कुठंही जायचं नव्हतं. आईकडे बघत त्यानं पुन्हा बोट ठेवलं. ‘येतो.’

ती त्याच्याशेजारी बाजेवर टेकली.

“तवाच म्हनायचं व्हतं की, लेकरा,” ती म्हणाली.