आई होडीत बसून होती

माझ्या माहेरच्या पुरुषांना मानाची भारी हौस. एक वेळ जेवायला नसलं तरी चालेल, पण नारळ पहिला आमच्या हातचा फुटला पाहिजे. या हौसेपायी त्यांनी एक अख्खा देव पाण्यात घालवला, आणि त्याची लाज वाटल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

धरण झालं तेव्हा आमचं गाव उठलं. लोकांनी दारं नेली, चौकटी नेल्या, गोठ्याचे खांब उपटून नेले, डालग्यात घालून कोंबड्या नेल्या. राहिला तो मारुती. गावात आमच्या भावकीच्या दोन पात्या, थोरली आणि आमची धाकटी. थोरली म्हणाली, देव आमच्या गाडीत जाणार. धाकटी म्हणाली, देव आणला आमच्या पणजोबांनी, गाडीही आमचीच. आज ठरेल, उद्या ठरेल करत बैठका चालल्या आणि एका रात्रीत पाणी देवळात शिरलं. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, तो असा.

नव्या गावात मग बाजारातून नवा मारुती आला. फरशीचं देऊळ, वर भोंगा, दारात देणगीदारांच्या नावांची पाटी. पाटीवर नावं कुणाची आधी, यावरूनही दोन महिने अबोला होता म्हणे. माझी आई त्या देवळाची पायरी चढली नाही. "त्यो दुकानातला हाय," एवढंच म्हणते.

आमच्याकडे लग्नाची पहिली अक्षत गावच्या मारुतीला. ती दिल्याशिवाय कुणाला आवतण नाही. देव पाण्यात गेल्यापासून घरातल्या प्रत्येक लग्नाला पुरुषमंडळी काठावर उभी राहून अक्षता पाण्यात भिरकावतात आणि चहा प्यायला जातात. या उन्हाळ्यात माझ्या भाचीचं लग्न निघालं, घरातलं शेवटचं. त्यात धरण बरंच उतरलेलं. नदीच्या डोहाजवळचं ते देऊळ, तिथलं पाणी काही आटत नाही, पण कळस उघडा पडला होता. आईनं ऐकलं आणि हट्टच धरला, की या खेपेला अक्षत कळसावर ठेवायची, आणि आपण स्वतः बरोबर जाणार. तिचे गुडघे गेलेत, डोळ्यांत फूल पडलंय. पुन्हा कधी यायला होईल, हे तिनं विचारलं नाही आणि आम्हीही बोललो नाही.

मासे धरणाऱ्या एका भोयाशी भावानं बोलून ठेवलं होतं. त्यानं बजावलं होतं, "सकाळच्या पारी या. ऊन चढलं की वारं सुटतंय. मग मी होडी घालत न्हाई." आम्ही वेळेवर पोहोचलो. पाणी गपगार होतं आणि कळस स्पष्ट दिसत होता. पत्र्याची होडी, भोई सोडून दोघंच बसणार. आई भोयाचा हात धरून चढली आणि हळदकुंकवात घोळलेल्या ज्वारीच्या अक्षतांचं गाठोडं पदरात धरून बसली.

आता दुसरं कोण? भाऊ, मुलीचा बाप म्हणून. पण थोरल्या पातीचे चुलते आल्याशिवाय कसं जायचं? ते पुढारी. पुढारी वेळेवर आला तर त्याला पुढारी कोण म्हणेल? ते आले उन्हं वर आल्यावर, पांढऱ्या जीपमधून, कडक इस्त्रीत, हातात नारळ घेऊन. उतरता उतरता म्हणाले, "पहिली अक्षत थोरल्या पातीची. मी बसतो." भाऊ म्हणाला, "लगीन माज्या पोरीचं हाय." झालं, सुरू.

मला ते ऐकवेना. मी काठानं चालू लागले. भेगाळलेला गाळ, शिंपले, कुणीतरी गाळात लावलेले टरबुजाचे वेल, मोटारींचे काळे पाइप आणि सहलवाल्यांनी टाकलेल्या पत्रावळी. हळूहळू वारं आलं. पत्रावळी उडाल्या, पदर डोक्यावर ठरेना. पुढे एका घराचं जोतं निघालं, त्यापुढं फुटकं जातं. आमचं की दुसऱ्या कुणाचं, ओळखू आलं नाही. इथंच कुठंतरी ती बैठकांची जागा असेल. जोती तेवढी उरलीत, माणसं कुठल्या कुठं गेली, पण सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. तिकडून चुलत्यांचा आवाज वाऱ्यावर इथवर येत होता.

परत आले तर दोघं तिथंच. होडी खुंटाला हिसके देत होती आणि आई एका हातानं होडीची कड धरून बसली होती.

मी म्हटलं, "आईला एकटीला जाऊ द्या की."

चुलते माझ्याकडे बघतच राहिले. "बाईच्या हातची पहिली अक्षत? मारुतीला?"

"बुडवलेला मारुती चालतो, आणि बाईच्या हातची अक्षत चालत नाही का, काका?"

"तू सासरची. तू गप बस."

भावाकडे पाहिलं. तो पाण्याकडे बघत होता. एवढा वेळ काकांशी भांडणारा, पण याबाबतीत दोन्ही पात्यांचं एकमत. मला त्याचा संताप आला.

भोयानं मात्र कुणाला विचारलं नाही. त्यानं दोरी आवळली, वल्हं बाहेर काढून वाळूवर टाकलं. लाटांत कळस एकदा दिसत होता, एकदा नाही. "आता न्हाई जमायचं," तो म्हणाला. "उतरा, आजी."

आई उतरली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. गाठोडं तेवढं कोरडं होतं.

चुलत्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "वहिनी, मनाला लावून घिऊ नका. पुढल्या साली पाणी उतरलं की आपण नक्की जाऊ."

आई ओलं लुगडं पिळत होती. तिनं मान वर केली नाही.

"गाव उठलं तवा देवाफुडं दिवा धरायला मला गाडीत बसवलं होतं," ती म्हणाली. "दिव्यातलं तेल सरलं, तुमचं ठरलं न्हाई. आज होडीत बसवलं. आता पुढल्या खेपंला तुमी मला खांद्यावर आणाल. तवा फुडं कोण धरायचं, ते तेवढं आदीच ठरवून ठिवा. मी लई वेळ बसून ऱ्हायची न्हाई."

चुलत्यांनी नारळ पिशवीत परत ठेवला. भावानं आईला धरायला हात पुढे केला. तो तिनं धरला नाही. भोयाच्या खांद्यावर हात ठेवून ती काठ चढली.