ताईची फुंकर

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर आमचा जुना टीव्ही गेम सापडला आणि साफसफाई तिथेच थांबली. मी तो टीव्हीला जोडला आणि पन्नाशीची माझी ताई गुडघे धरत जमिनीवर बसली. गेमची पिवळी कॅसेट उचलून तिने माउथऑर्गन वाजवावा तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकली आणि खाचेत बसवली. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

“फुंकून काही होत नसतं गं,” मी म्हणालो. “काढून परत बसवली की पिना नीट टेकतात, एवढंच. उलट ओलाव्याने गंजतात.”

“तू गप्प बस,” म्हणत तिने पुन्हा फुंकर मारली.

लहानपणी कॅसेट चालेना की मी ती ताईकडेच न्यायचो. तिच्या फुंकरीला गुण होता. माझ्या फुटलेल्या गुडघ्यावरही ती अशीच फुंकर घालायची आणि माझं रडं थांबायचं. त्या फुंकरीने तरी जखम कुठे भरत होती? पण आपल्या दुखण्यापुढे कुणीतरी वाकलंय, एवढं पुरायचं.

तिसऱ्या फुंकरीला ती जुनी टिंगटिंग धून वाजली. ताईने माझ्याकडे ऐटीत पाहिलं. मी खोक्यातली दुसरी कॅसेट काढली आणि मुकाट तिच्या तोंडापुढे धरली.