डब्याच्या झाकणातली चकती

चाचा घरात आले की आधी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला उलटा हात लावायचे, लेकराचा ताप बघावा तसा. मग निदान सांगायचे, "ताई, बुखार हाय."

वीस वर्षं आखातात एसी दुरुस्त करून ते पनवेलला परतले आणि कॉम्प्युटरकडे वळले. "तिथं शेखला थंड ठेवला, आता तुमच्या मशीनला ठेवतो," म्हणायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला चहा विचारायच्या आधी मशीन दाखवावं लागतं.

माझा कॉम्प्युटर त्यांनीच एकेक भाग आणून जुळवलेला. त्यावर मी शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देते. खांदा कॉलनीत डंपरची धूळ फार, म्हणून मी कॅबिनेटला झालर लावून कव्हर शिवलं होतं. चाचांनी ते पाहिलं, घडी घालून माझ्या हातात दिलं. "मे महिन्यात स्वेटर घालता काय त्याला?"

मला सगळ्याच्या याद्या करायची सवय. सामानाची, औषधांची, चाचांच्या कामाचीही. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "यादीनं मशीन थंड होत नाय, ताई."

दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर तापून मध्येच बंद पडायला लागला. प्रोसेसरवरचा जुना छोटा पंखा काढून मोठा कूलर बसवायचं ठरलं. तोवर कॉलनीत कुजबुज सुरू झाली होती की चाचांना आता नीट दिसत नाही. काही घरांनी बोलावणं बंद केलं होतं. हे त्यांनाही ठाऊक होतं. त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मी कागद काढताच म्हणाले, "आज यादी नको. माझं मी करतो."

त्यांनी प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी जुनी पेस्ट पुसली, नवी मुगाच्या दाण्याएवढी लावली. कूलर ठेवून चारही स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. मशीन सुरू केलं. पडद्यावर तापमान साठ, पंच्याहत्तर, नव्वद झालं आणि मशीन आपोआप बंद पडलं.

चाचांनी उलटा हात लावला. कूलर पुन्हा उतरवला. त्याच्या तळाला पातळ प्लास्टिकची पारदर्शक चकती तशीच चिकटलेली होती. कारखान्यात लावलेली, काढायची राहून गेलेली, त्यामुळे उष्णता कूलरपर्यंत पोचतच नव्हती.

ते स्टुलावर बसले. "लोक बरोबर बोलतात, ताई. दुसरा कोणी बघा."

मी यादी पुढे केली. "चाचा, मी नऊ कामं लिहिली होती. चकती माझ्याही यादीत नाही." खरंच नव्हती. पेन घेऊन मी ती पेस्टच्या खाली लिहिली. "आता मी वाचते, तुम्ही करा."

"पेस्ट?"

"लावली."

"चकती?"

"काढली, माझे आई!"

या वेळी आकडा पंचावन्नच्या वर गेला नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. चाचांनी उलटा हात लावला. "उतरला." मग ती चकती पुसून त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली आणि माझी यादी मागून घेतली.

त्यानंतरही ते काम करत राहिले. डबा उघडला की आधी झाकणाकडे बघायचे. ज्या घरी जातील तिथल्या माणसांना चकती दाखवून स्वतःची फजिती स्वतःच सांगायचे. बोलावणं बंद केलेली दोन घरं पुन्हा बोलवायला लागली. कुजबुजीत मग मजा उरली नाही.

या वर्षी ईदनंतर ते गेले. त्यांची मुलगी उरणहून डबा घेऊन आली. "अब्बांनी सांगितलं होतं, हा ताईंना द्या."

आता महिन्यातून एकदा मी स्वतःच कॅबिनेट उघडून पंखा साफ करते. झाकणातल्या चकतीवर धूळ बसते, ती फडक्यानं पुसते. त्यावर बारीक अक्षरांत छापलंय, कूलर बसवण्यापूर्वी काढून टाका.

ती मी काढलेली नाही.